विमानांची परदेशी देखभाल आणि तपासणीची जबाबदारी

विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाला वैमानिक दिसतो, तिकीट तपासणारा कर्मचारी दिसतो, आसनापाशी पाणी आणून देणारी परिचारिका दिसते. ज्याच्या हातच्या कामावर त्याचे प्राण अवलंबून असतात तो यंत्रज्ञ मात्र त्याला सहसा दिसत नाही. हा यंत्रज्ञ बहुधा रात्रपाळीस काम करतो आणि सकाळी प्रवासी विमानतळावर येऊ लागतात तेव्हा तो घरी निघालेला असतो. गेल्या तीन-चार दशकांत तो प्रवाशापासून आणखीच दूर गेला आहे. अमेरिकेतील दोन शहरांच्या दरम्यान रोज ये-जा करणाऱ्या विमानाची मोठी तपासणी आज एल साल्व्हादोर, मेक्सिको, चीन किंवा सिंगापूर येथील हँगरमध्ये झालेली असू शकते. भारतातील विमान कंपन्यांनीही आपली कित्येक विमाने अशाच कामासाठी श्रीलंका, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती इत्यादी ठिकाणी धाडली आहेत.

ही पद्धती योग्य की अयोग्य, याविषयी अमेरिकेत पुष्कळ वाद झाला आहे. परदेशी स्वस्तात करून घेतलेले काम धोक्याचे होय, असे तेथील यंत्रज्ञांच्या कामगार संघटनांचे म्हणणे आहे. परवानाप्राप्त कारखान्यात झालेले काम कोणत्याही देशात सारखेच, असे कंपन्या सांगतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु अपघातांचे चौकशी-अहवाल वाचले असता निराळेच सूत्र हाती लागते. काम कोणत्या देशात झाले यापेक्षा ते होत असताना कोणी समक्ष पाहिले, या प्रश्नापाशी हे अहवाल पुन्हा पुन्हा येऊन थांबतात.

मोठी तपासणी म्हणजे काय

विमानाची देखभाल टप्प्याटप्प्याने केली जाते. उड्डाणापूर्वीची पाहणी रोजचीच असते. काही शे उड्डाण-तास भरले की लहान तपासणी होते. साधारणपणे दीड-दोन वर्षांनी विमान काही दिवस सेवेतून काढून 'सी' नावाची तपासणी केली जाते. याहून मोठी अशी सर्वांगीण तपासणी सहा ते बारा वर्षांतून एकदा येते. या वेळी विमान अक्षरशः सोलले जाते. आसने, गालिचे, भिंतींचे तक्ते, स्वयंपाकाच्या व स्वच्छतागृहांच्या कोठड्या, त्यांच्यामागील उष्णतारोधक थर हे सर्व काढून आतील धातूचा सांगाडा उघडा केला जातो. स्वच्छतागृहाखालच्या आणि स्वयंपाककक्षाखालच्या पट्ट्या विशेष काळजीने पाहाव्या लागतात. कारण तेथे ओलावा झिरपून धातू गंजण्याचा संभव अधिक असतो. रिव्हेटांच्या भोवती केसाएवढ्या भेगा पडल्या आहेत काय, हे पाहण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींचा व विद्युत्प्रवाहांचा उपयोग करतात. विमान मोठे असेल तर हे सारे काम कित्येक आठवडे चालते आणि त्यास हजारो मनुष्य-तास लागतात.

ही पाहणी किती किचकट असते आणि ती ढिली पडली म्हणजे काय होते, याचे उदाहरण २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर घडले. अलोहा एअरलाइन्सचे एकोणीस वर्षे जुने बोइंग ७३७ विमान आकाशात असताना त्याच्या पुढील भागाचे छप्पर उडून गेले. एक परिचारिका बाहेर फेकली जाऊन मृत्युमुखी पडली. बाकीच्यांसह विमान उतरवण्यात वैमानिकांना यश आले. कवचाच्या पत्र्यांचे सांधे सुटलेले होते आणि रिव्हेटांच्या ओळीत भेगा वाढत गेल्या होत्या. विमानात चढताना दाराजवळ एक भेग आपण पाहिली होती, असे एका प्रवासिनीने मागाहून सांगितले. तिने ती कोणाच्या निदर्शनास आणली नव्हती. परंतु जे पाहणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांच्याही दृष्टीतून ते सुटले होते, हे चौकशीत अधिक महत्त्वाचे ठरले. ही तपासणी कोणा परदेशी ठेकेदाराकडे नव्हती. ती कंपनीची स्वतःचीच होती.

काम बाहेर कसे गेले

अशा तपासणीत सुट्या भागांपेक्षा माणसांच्या श्रमाचा वाटा मोठा असतो. म्हणून जेथे मजुरीचे दर कमी तेथे हे काम वाहत जाणे स्वाभाविक होते. इंजिनांचे तसे नाही. त्यांची दुरुस्ती थोड्या, खर्चिक आणि विशेष साधनांनी सज्ज अशा कारखान्यांतच होऊ शकते व ती पूर्वीपासूनच बाहेर दिली जात असे. सांगाड्याची मोठी तपासणी मात्र मोठ्या कंपन्या स्वतःच्या हँगरमध्ये, स्वतःच्या पगारी यंत्रज्ञांकडून करून घेत असत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नियमांत बदल केला. तोपर्यंत परदेशी दुरुस्ती-केंद्रांना परदेशी मार्गांवर उडणाऱ्या अमेरिकन विमानांचेच काम करता येत असे. ही मर्यादा काढून टाकण्यात आली. पुढे स्पर्धा वाढली, तिकिटांचे दर खाली आले आणि २००१ च्या सप्टेंबरमधील दहशतवादी हल्ल्यांनंतर कंपन्यांची आर्थिक स्थिती फारच खालावली. तेव्हा हँगर बंद करून काम बाहेर देण्याची लाटच आली.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी या प्रश्नावर अनेक अहवाल सादर केले आहेत. त्यांतील २००३ च्या अहवालाप्रमाणे मोठ्या कंपन्यांच्या देखभाल खर्चापैकी बाहेर दिलेल्या कामाचा वाटा १९९६ मध्ये ३७ टक्के होता, तो २००२ मध्ये ४७ टक्के झाला. २००८ च्या अहवालात नऊ मोठ्या कंपन्यांचे आकडे दिले आहेत. या कंपन्यांच्या सांगाड्याच्या मोठ्या तपासण्यांपैकी २००३ मध्ये ३४ टक्के बाहेर होत. २००७ मध्ये हे प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. बाहेर गेलेल्या या कामापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक काम परदेशी केंद्रांत झाले होते.

आकड्यांपेक्षाही या अहवालांतील एक निष्कर्ष अधिक चिंताजनक होता. महत्त्वाची दुरुस्ती नेमकी कोठे कोठे होत आहे याची संपूर्ण यादीच प्रशासनापाशी नव्हती. २००५ च्या अहवालात तर असे दिसून आले की, परवाना नसलेल्या कारखान्यांतही उड्डाणाच्या दृष्टीने नाजूक अशी कामे होत होती. जे काम कोठे चालले आहे हे ठाऊक नाही, त्याची पाहणी कोणी करावी?

दोन अपघात

बाहेर दिलेल्या कामाशी संबंध असलेले दोन मोठे अपघात अमेरिकेत घडले. दोन्ही ठिकाणी ठेकेदार अमेरिकनच होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिला ११ मे १९९६ चा. मायामीहून अटलांटाकडे निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे डीसी-९ विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच फ्लोरिडातील दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० माणसे मृत्युमुखी पडली. कंपनीने दुरुस्तीचे काम मायामीतील एका ठेकेदार कंपनीस दिले होते. तेथे दुसऱ्या विमानांतून प्राणवायू निर्माण करणारी मुदतबाह्य उपकरणे काढण्यात आली. ही उपकरणे चालू झाली की अतिशय तापतात. म्हणून काढल्याबरोबर त्यांवर प्लॅस्टिकची लहानशी टोपणे बसवावीत, असे कार्यपत्रिकेत स्पष्ट लिहिले होते. टोपणे उपलब्ध नव्हती. तरीही ती बसवली असल्याबद्दल यंत्रज्ञांनी सह्या केल्या. पुढे ती उपकरणे 'रिकामी' अशी चिठ्ठी लावून खोक्यांतून प्रवासी विमानाच्या सामानकक्षात चढवण्यात आली आणि तेथे आग लागली. चौकशी मंडळाने तिघांना दोषी धरले: काम नीट न करणारा ठेकेदार, त्याच्यावर देखरेख न ठेवणारी विमान कंपनी आणि सामानकक्षात धूर ओळखण्याची व आग विझवण्याची सोय सक्तीची न करणारे शासकीय प्रशासन.

दुसरा अपघात ८ जानेवारी २००३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे झाला. एअर मिडवेस्टचे लहान विमान जमीन सोडताच नाक वर करून उभे राहिले व कोसळले. २१ जण ठार झाले. दोनच दिवस आधी हंटिंग्टन येथे रात्रपाळीत त्याच्या शेपटीतील उत्थापक पाळीची, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या पाळीची, तार जुळवण्यात आली होती. हे काम करणाऱ्या यंत्रज्ञाने या जातीच्या विमानावर ते पूर्वी कधीच केले नव्हते. त्याने कार्यपद्धतीतील अनेक पायऱ्या गाळल्या. परिणामी नाक खाली आणण्याची पाळीची क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली. सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, त्याला शिकवणारा आणि त्याच्या कामाची तपासणी करून पसंती देणारा निरीक्षक एकच होता. जो शिकवतो त्याला आपल्याच शिकवणीतील चूक कशी दिसावी? शिवाय त्या दिवशी विमानातील भारही कंपनीच्या हिशेबापेक्षा अधिक होता. काम ठेकेदाराने उपठेकेदाराकडे दिलेले होते, आणि त्या ठिकाणी विमान कंपनीची देखरेख अपुरी होती, असा ठपका चौकशी मंडळाने ठेवला.

घरचे काम निर्दोष असते काय

हे दोन अपघात सांगून काम बाहेर देण्याविरुद्ध निकाल देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे विमान बर्मिंगहॅमहून निघून सुमारे सतरा हजार फुटांवर पोहोचले असता वैमानिकासमोरची काच निखळून उडाली. कप्तान अर्धाअधिक बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टन येथे उतरवले. कप्तान वाचला, ही नवलाचीच गोष्ट होय. काच या उड्डाणाच्या थोडेच आधी रात्रपाळीच्या कामात बदलली होती. ती बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ चा व्यास किंचित कमी होता व उरलेल्या ६ ची लांबी अपुरी होती. माणसे कमी असल्यामुळे पाळीप्रमुखाने हे काम स्वतःच्या हाताने केले. जुना बोल्ट नव्याशेजारी धरून त्याने नजरेनेच माप जुळवले. योग्य माप कोणते हे भांडारातील माणसाने त्याला सांगितले होते, तरीही. तो अनुभवी होता, कंपनीचा जुना कर्मचारी होता आणि हँगरही कंपनीचाच होता. परंतु या कामाची दुसऱ्या माणसाने तपासणी करावी, असा नियमच त्या वेळी नव्हता.

जपानमधील १२ ऑगस्ट १९८५ च्या अपघाताची कथा तर याहून दारुण आहे. ५२० माणसांचा बळी घेणाऱ्या त्या बोइंग ७४७ विमानाची शेपूट सात वर्षांपूर्वी धावपट्टीवर घासली होती आणि दुरुस्ती खुद्द विमान बनवणाऱ्या कंपनीच्या पथकाने केली होती. मागील दाबरोधक भिंतीला जोडपट्टी एकसंध बसवावयाची होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे रिव्हेटांच्या एकाच ओळीवर सारा ताण आला. नंतरच्या वर्षांतील तपासण्यांत ही चूक कोणाच्याच ध्यानात आली नाही.

ग्रामपंचायतीच्या अथवा बांधकाम खात्याच्या कामांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. गिलावा झाल्यावर आतील चुना-सिमेंटचे प्रमाण काय होते हे भिंत सांगत नाही. म्हणून पाया भरला जात असतानाच अभियंत्याने जागेवर असावे लागते आणि मोजमाप पुस्तकात तेव्हाच नोंद व्हावी लागते. विमानाचेही तसेच आहे. तक्ते पुन्हा बसवले, आसने जागच्या जागी आली की, आत काय केले याचा साक्षीदार एक कागद तेवढा उरतो.

अंतरामुळे काय बदलते

मग परदेशी काम दिल्याने काहीच फरक पडत नाही काय? पडतो, आणि तो पाहण्याच्या सोयीशी निगडित आहे.

पहिली अडचण परवान्याची. अमेरिकन कंपनीच्या स्वतःच्या हँगरमध्ये कामाला मान्यता देणाऱ्या यंत्रज्ञाजवळ शासकीय परवाना असावा लागतो. दुरुस्ती-केंद्रांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या सर्वांना तो सक्तीचा नाही. विमान सेवेस योग्य असल्याचे प्रमाणित करणारे व देखरेख करणारे यांनाच तो लागतो. परदेशी केंद्रांत तर त्यांनाही अमेरिकन परवान्याची अट नव्हती. तेथे केंद्राच्या मान्यतेवरच भिस्त होती. एक परवानाधारी आणि त्याच्या हाताखाली अनेक शिकाऊ, अशी रचना झाली की सही करणाऱ्याने प्रत्यक्ष किती पाहिले हा प्रश्न उभा राहतो.

दुसरी अडचण भाषेची. निर्मात्यांच्या कार्यपुस्तिका इंग्रजीत असतात. देखरेख करणाऱ्यांना व निरीक्षकांना इंग्रजी वाचता-लिहिता यावे असा नियम आहे, परंतु पाना हाती धरणाऱ्याला ती येईलच असे नाही. 'घट्ट करा' आणि 'अमुक इतक्या बलाने घट्ट करून तार बांधा' यांतील भेद दुभाष्यामार्फत पोहोचवावा लागतो. आपल्याकडील शिक्षकांना पाठ्यपुस्तकाची भाषा आणि मुलाची भाषा यांतील हे अंतर परिचयाचे आहे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. अमेरिकन निरीक्षक स्वदेशातील कारखान्यात अचानक जाऊ शकतो. परदेशात जायचे तर प्रवेशपत्र हवे, स्वतःच्या शासनाची आणि त्या देशाची अनुमती हवी. निरीक्षक येणार हे कारखान्याला आधीच समजते. शाळेच्या तपासणीची तारीख आधी कळल्यावर काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. युरोपीय देशांशी झालेल्या, २०११ पासून अमलात असलेल्या कराराप्रमाणे एकमेकांच्या निरीक्षणावर विसंबण्याची सोय करण्यात आली. इतर ठिकाणी मात्र ही अडचण राहिली.

सुट्या भागांच्या कागदपत्रांबाबतही अंतराचा असाच परिणाम होतो. २०२३ मध्ये उघडकीस आले की, लंडनमधील एका पुरवठादाराने प्रवासी विमानांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या इंजिनांचे भाग बनावट प्रमाणपत्रांसह विकले होते. अनेक देशांतील कंपन्यांना आपली इंजिने उघडून पाहावी लागली. भाग हातोहाती जितका फिरतो तितका त्याच्या जन्मदाखल्यावर भरवसा ठेवावा लागतो.

याउलट, सिंगापूर किंवा हाँगकाँग येथील केंद्रे अनेक दशकांच्या अनुभवाने व उत्तम साधनांनी सज्ज आहेत. एकाच जातीची शेकडो विमाने हाताखालून गेलेल्या यंत्रज्ञाला दोष कोठे दडतो हे चटकन कळते. लहानशा कंपनीच्या घरच्या हँगरमध्ये अशी सराईत नजर तयार होणे कठीण असते.

कायद्याची पावले

१९४४ च्या शिकागो करारान्वये विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशावर त्याच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी असते. काम कोठेही झाले तरी ही जबाबदारी विमानाबरोबर परदेशी जात नाही. या तत्त्वास अनुसरून अमेरिकेने हळूहळू नियम कडक केले. सुरक्षा नियम वेळेवर तयार न झाल्यामुळे २००८ पासून नव्या परदेशी केंद्रांना मान्यता देणे थांबवण्यात आले होते. २०१४ मध्ये नियम झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. २०१५ मध्ये कंपन्यांनी आपल्या सर्व देखभाल ठेकेदारांची यादी शासनास देणे बंधनकारक झाले. परदेशी केंद्रांतील नाजूक काम करणाऱ्यांची मद्य व मादक पदार्थांसंबंधी चाचणी घेण्याचा नियम २०२४ च्या अखेरीस जाहीर झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील कायद्याने अमेरिकन प्रवासी विमानांची मोठी तपासणी करणाऱ्या परदेशी केंद्रांची वर्षातून किमान एकदा पूर्वसूचनेशिवाय पाहणी करण्याचा आदेश दिला आणि तेथील पर्यवेक्षकांच्या पात्रतेचे निकष ठरवण्यास सांगितले. १९८८ मध्ये दार उघडले गेले. अकस्मात पाहणीचा आदेश निघेपर्यंत छत्तीस वर्षे लोटली.

भारतातील स्थिती

भारताचा अनुभव काहीसा उलट दिशेने गेला आहे. मुंबईत सांताक्रूझ येथे एअर इंडियाचा अभियांत्रिकी तळ अनेक दशके होता आणि जेट इंजिनांची दुरुस्तीही तेथे होत असे. यंत्रज्ञांच्या पिढ्या तेथे तयार झाल्या. पुढे खासगी कंपन्या वाढल्या, विमानांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु हँगर त्या प्रमाणात वाढले नाहीत. करांची रचनाही प्रतिकूल होती. देशात करून घेतलेल्या देखभालीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडे, तर परदेशी करून आणलेले काम त्याहून स्वस्त पडे. १ एप्रिल २०२० पासून हा कर ५ टक्के करण्यात आला. जुलै २०२४ मध्ये विमानांच्या सुट्या भागांवरील एकात्मिक करही सरसकट ५ टक्के झाला.

नागपूर येथील मिहान प्रकल्पातील देखभाल केंद्र बोइंग कंपनीने एअर इंडियाच्या विमान खरेदीशी निगडित बांधिलकी म्हणून उभारले आणि ते २०१५ मध्ये सुरू झाले. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली तेव्हा तिची अभियांत्रिकी कंपनी त्या व्यवहारात समाविष्ट नव्हती. विदर्भातील तरुणांना या क्षेत्रात शिरण्याचा मार्ग खुला आहे, पण तो लांबचा आहे. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्या विद्यार्थ्यास देखभाल-अभियंत्याचे शिक्षण घेता येते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि त्यानंतर विशिष्ट जातीच्या विमानाची वेगळी पात्रता मिळवल्यावरच त्याची सही विमानाला सेवेत सोडू शकते. महाविद्यालयाची फी भरली म्हणजे परवाना मिळतो, हा पालकांमधील समज शिक्षकांनी वेळीच दूर करणे बरे.

भारतीय विमानाचे काम करणाऱ्या परदेशी केंद्रासही महासंचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. मान्यतेचा कागद असला तरी विमान परदेशी तपासणीस गेले म्हणजे कंपन्या बहुधा आपला प्रतिनिधी बरोबर पाठवतात. काम संपेपर्यंत तो त्या हँगरमध्ये राहतो. एखादी गंजलेली पट्टी सापडली, तर ती बदलायची की घासून ठेवायची याची विचारणा त्याच्याकडे होते. आणि तक्ता पुन्हा बंद होण्यापूर्वी आत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहणे हे त्याचे काम असते.